यंदा आपल्याकडे नाही

घरातलं कोणी गेलं की त्या वर्षी दिवाळी करायची नाही, हे आम्हाला कुणी बसवून सांगितल्याचं आठवत नाही. आई दारात कुणाशी तरी बोलताना म्हणायची, “यंदा आपल्याकडे नाही.” तेवढ्यात सगळं आलं. कंदिलाचे कागद आणायचे नाहीत, भाजणी दळायला द्यायची नाही, फटाक्यांची यादी करायची नाही. आपल्याकडे नव्हती, पण बाकी सगळ्या गल्लीत होती, आणि धनत्रयोदशीपासून ती डब्यांत भरून आमच्याच दारी यायची. दुखवट्याच्या वर्षी आमच्या घरांत एरवीपेक्षा जास्त फराळ असायचा, हे आता सांगितलं तर मुलं हसतात.

आम्ही म्हणजे बंगळूरच्या सरकारी कारखान्यांच्या वसाहतींत वाढलेली मराठी पोरं. एचएएल १९४० मधली, आयटीआय १९४८, एचएमटी १९५३, बीईएल १९५४. दीड दशकात शहराच्या कडेला हे कारखाने उभे राहिले आणि सांगली, मिरज, सोलापूर, बेळगावकडची डिप्लोमा झालेली, टर्नर-फिटर झालेली तरुण मंडळी इथे येऊन पडली. जलहळ्ळीला, दूरवाणीनगरला, विमानपुऱ्यात त्यांचे संसार थाटले गेले. बंगळूरला मराठी माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, थेट शहाजीराजांच्या जहागिरीपासून. पण पेठांतल्या त्या जुन्या घरांना आपली भावकी होती, आपले सोयरे गल्लीपलीकडे होते. आमच्या क्वार्टरमध्ये एका भिंतीला मंड्याकडचं गौडांचं घर, दुसऱ्या भिंतीला तंजावरकडचे अय्यर, खाली मंगळूरचं कॅथलिक कुटुंब.

आणि दुखवट्याचे नियम तर सगळे गाव गृहीत धरून केलेले. भावकीला सुतक, म्हणून पहिल्या दिवसाचा पिठलं-भात बाहेरून यायचा. वर्षभर घरात कढई चढवायची नाही, म्हणून सणाचं ताट सोयऱ्यांनी आणायचं. पहिला सण आला की लेकीच्या सासरचे, सुनेच्या माहेरचे येऊन गोडाचा घास भरवणार आणि सण ‘काढणार’. घरच्यांनी यात करायचं काय, तर बसायचं. रडायचं की नाही, किती रडायचं, यावर नियमांत फारसं काही नाही. बाकीच्यांनी काय करायचं, हे मात्र बारीकसारीक लिहून ठेवल्यासारखं.

आमचे सोयरे मिरजेपलीकडे होते. नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत बंगळूरहून मिरजेपर्यंत छोटी गाडी, मिरजेला बाडबिस्तरा उचलून मोठ्या गाडीत. सण काढायला इतक्या लांबून कोण येणार? तेराव्याला आलेले मामा-मावशी पुन्हा दिवाळीला रजा काढू शकत नसत. तेव्हा ही सोयऱ्यांची जागा कुणी भरली, तर भिंतीपलीकडच्यांनी. त्यांना काही समजवावं लागलं नाही. आईचं वाक्य कन्नडात “ई वर्ष नमगे हब्ब इल्ला” असं होतं आणि अय्यर मामींच्या तोंडी “इंद वर्षम् पंडिगै इल्लै” असं. तिन्ही घरांत ते तसंच्या तसं तयार होतं. मामी एरवी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या दाराशी उभ्या राहून “गंगास्नानम् आच्चा?” असं ओरडून विचारायच्या. त्या वर्षी विचारायच्या नाहीत. मुकाट्याने आल्याचं काळं लेह्य वाटीत ठेवून जायच्या, दिवाळीचं खाणं पचावं म्हणून त्यांच्याकडे पहाटे ते चाटतात. फराळाच्या आधी औषध, हा हिशेब आम्हाला फार पटायचा.

गौडांच्या अज्जी कज्जाय आणायच्या. तांदळाचं पीठ आणि गूळ, म्हणजे आपला अनारसाच, फक्त खसखशीची जाळी नाही आणि अंगाने जाड. आई एरवी त्याला आणि अज्जी आईच्या अनारशाला मनातल्या मनात नावं ठेवायच्या. दुखवट्याच्या वर्षी आई तो कज्जाय मोडून आम्हाला द्यायची आणि “अज्जींनी पाक छान साधलाय” असं म्हणायची. कोडुबळी, निप्पट्टू, मामींचं मिक्श्चर, खालच्या बाईंनी आणलेली केळी. खालच्यांचा सर्व आत्म्यांचा दिवस २ नोव्हेंबरला, बहुतेक वर्षी आमच्या दिवाळीच्या आगेमागे. त्या दिवशी ते मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जात, आणि येताना आमच्याकडे डोकावून जात.

डब्यांचं एक वेगळंच प्रकरण असे. तेव्हा स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत होती. दुकानदार ते छोटं यंत्र टर्रर्र करत फिरवायचा. दिवाळी संपली की ओट्यावर कन्नड, तमिळ आणि इंग्रजी अक्षरांचे डबे जमायचे आणि कुणाचा कुठला हे लावायचं काम आम्हा मुलांकडे यायचं, कारण शाळेत कन्नड आम्हीच शिकत होतो. एरवी दुसऱ्याचा डबा रिकामा परत करणं म्हणजे घराची अब्रू गेली. निदान चमचाभर साखर तरी घालायची. त्या वर्षी मात्र डबे घासून, पुसून, रिकामे परत जायचे. दुःखाच्या घरातून काही द्यायचं नसतं. अज्जींनी तो रिकामा डबा हातात घेताना झाकण उघडून बघितलं नाही, हे आमच्यातल्या एकीला आजही आठवतं.

याच गौडांच्या घरी भाद्रपदात, महालय अमावास्येच्या सुमाराला, हिरियर हब्ब असायचा. पितरांच्या फोटोपुढे नवं कापड ठेवायचं, आणि केळीच्या पानावर त्या माणसाला जे जे आवडायचं ते सगळं. अज्जींच्या यजमानांना मटणाचं सारू आणि विडी आवडायची, म्हणून मटणाचं सारू आणि विडी. आमच्या घरी श्राद्धाला ठरलेला स्वयंपाक, गेलेल्याची आवड काहीही असो. आमच्या आजोबांना आयुष्यभर गवारीची भाजी आवडली नाही आणि श्राद्धाच्या पानावर ती दर वर्षी असायची. या बाबतीत गौडांचं बरोबर होतं असं आमचं तेव्हाही मत होतं.

पण सगळ्यांत जास्त आठवते ती पत्रांची गंमत. गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही. गावाकडून वाईट बातमी दोन तऱ्हांनी यायची. तार आली तर तिच्यात माणूस गेलेला कधीच नसे, तो ‘सीरियस’ असे आणि आपण ‘ताबडतोब निघायचं’ असे. पोस्टकार्ड आलं तर त्याच्या माथ्यावर ‘श्री’ नसायची. ते बघूनच आई हातातलं काम ठेवायची. कार्ड उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, वाचून तिथेच फाडायचं, मग आंघोळ. शास्त्रानेसुद्धा अंतराचा विचार केलेला आहे. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस सुतक, दहा उलटून गेल्यावर कळलं तर तीन दिवस. आमच्या वडलांच्या पिढीला हे गणित तोंडपाठ होतं, कारण टपाल कधी वेळेवर येई, कधी नाही.

आणि मग काही कार्डं मुद्दामच उशिरा टाकली जायची. गावाकडे कुणी आजी, कुणी चुलत काका ऐन दिवाळीच्या तोंडावर गेले, तर तिथलं मोठं माणूस ठरवायचं: “पोरं लांब आहेत, सण होऊ दे त्यांचा. पाडवा झाल्यावर कळवा.” इकडे आम्ही अंगाला उटणं लावून, नवे कपडे घालून फटाके उडवत असायचो आणि तिकडे त्या घरात दहावा चालू. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी कार्ड यायचं. वडील तारीख बघायचे, पुन्हा बघायचे. आमच्या घरांत या एका गोष्टीवरून जेवढे वाद झाले तेवढे पैशांवरून झाले नसतील. एक बाजू म्हणे, मायेपोटी केलं. दुसरी म्हणे, माझी आई गेली आणि मी त्या दिवशी चकल्या खात होतो, हे मला आयुष्यभर पुरेल. काही भाऊ यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आम्ही आता त्या वयाचे झालो आहोत आणि आमचं मत लपवत नाही: कळवायला हवं होतं. सण वाचवून माणसाचं दुःख वाचत नाही, ते फक्त आठवडाभर उशिरा आणि थोडं आंबून येतं.

शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत होदिगेरीला, चन्नगिरीजवळ, घोड्यावरून पडून गेले. समाधी अजून तिथे आहे. जिजाऊ तेव्हा राजगडावर. ती बातमी इतका मुलूख ओलांडून वर जाईपर्यंत गडावर काय चाललं असेल, हा विचार आमच्या पिढीत ज्यांनी ज्यांनी उशिराचं कार्ड वाचलं त्यांच्या मनात कधीतरी येऊन गेलेला आहे.

आमच्या घरांतले पहिले मृत्यू इथे झाले तेव्हा अस्थींचा प्रश्न आला. आजोबांची इच्छा नाशिकची असायची, नाहीतर नरसोबाच्या वाडीची. रजा चार दिवसांची. मग कुणीतरी कन्नड सहकारी सांगायचा की श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनी आहे, तिथे कावेरी पश्चिमेकडे वळते, गांधीजींच्या अस्थीसुद्धा तिथे आल्या होत्या. सकाळची बस, दुपारपर्यंत विधी, रात्री घरी. एकदा एका घराने आपला माणूस कावेरीत सोडला की ते घर बंगळूरचं झालं. रेशन कार्डाने झालं नव्हतं तेवढं. पुढे वडील स्वतःच म्हणू लागले, “मलापण तिथेच.”

दिवाळीच्या पोटातच गेलेल्यांची आठवण आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना मोठेपणी कळलं. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात तो यमासाठी. चतुर्दशीला यमतर्पण. कार्तिकातला उंच टांगलेला आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून, असं जुनी माणसं सांगत. भाऊबीजसुद्धा यमद्वितीयाच. म्हणून दुखवट्याच्या वर्षी कंदील नसला तरी तो दक्षिणेकडचा दिवा आमच्याकडे असायचाच. आणि असायचा दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पनाही नसेल की दुखवट्याच्या घरांची त्यांनी केवढी सोय करून ठेवली. अंकाला सुतक नसतं. वडील गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जाऊन दोन-तीन अंक घेऊन यायचे. शेजारी भुईचक्र फिरत असताना आमच्या बैठकीत सगळे पालथे पडून वाचत असायचो, आणि विनोदी अंक वाचून हसू आलं तर आजी आतून ओरडायची नाही.

वडील गेल्यावरच्या एका भाऊबीजेचं सांगायचं आहे. आमच्यातल्या एकीची आत्या राजाजीनगरला असायची. एकच भाऊ, तो जूनमध्ये गेला. दुखवट्याच्या वर्षी ओवाळणं चालतं की नाही, यावर सगळ्यांची मतं होती, आत्याने ती कुणाला विचारली नाहीत. भाऊ नसेल तिने चंद्राला ओवाळायचं, एवढं तिला ठाऊक होतं. संध्याकाळी तबक घेऊन ती क्वार्टरच्या गच्चीवर आली. द्वितीयेची कोर म्हणजे सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला जेमतेम अर्धा-पाऊण तास. आणि बंगळूरला कार्तिकात परतीच्या पावसाचे ढग. काही दिसेना. हळूहळू गच्चीवर अज्जी आल्या, मामी आल्या, पोरं आली, सगळे पश्चिमेकडे माना करून उभे. मामी यातल्या जाणकार, कारण तमिळ लोक तिसऱ्या दिवशीची कोर बघणं शुभ मानतात आणि दर महिन्याला शोधतात. त्यांनी आभाळ निरखून निकाल दिला: आज नाही, उद्या नक्की. एक पोरगा उगाचच “दिसला, दिसला!” म्हणून ओरडला आणि त्याला टपली बसली. आत्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि जिथे असायला हवा होता तिथल्या ढगाला ओवाळलं, सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी मामींनी धावत येऊन हाक मारली, कोर लख्ख दिसत होती. आत्या म्हणाली, “माझं झालं काल.” तरी गेली बघायला.

याच गोड आठवणींच्या आत एक बंद खोली होती, ती वगळून चालणार नाही. पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळायच्या तेव्हा त्या वर्षी विधवा झालेली काकू आतल्या खोलीत बसलेली असायची. तिला कुणी ‘बस’ म्हणायचं नाही, ती आपणहून जायची, आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटायचं. तिच्या कपाळाचं, हातातल्या बांगड्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलेलं आहे. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाकीच्या गावांना तो कित्ता घालून दिला, तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणींना पहिल्यांदा ती खोली आठवली. फराळाचे डबे आणणाऱ्या त्याच शेजारणी हळदीकुंकवाला काकूला वगळत होत्या. दोन्ही खरं.

हे शहर स्वतःही सणात सुतकी झालेलं आम्ही पाहिलं आहे. १९९० मध्ये दसऱ्याच्या सुमाराला, ३० सप्टेंबरला, कन्नड नट शंकर नाग दावणगेरेजवळ अपघातात गेला. मराठी रंगभूमीवर वावरलेला, ‘२२ जून १८९७’ या चित्रपटात काम केलेला, म्हणून तो आम्हाला अर्धा आपला वाटायचा; रिक्षावाल्यांना पुरता. रिक्षांवर त्याचं चित्र आजही दिसतं. मग २०२१. त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये करोनाने घराघरांत माणसं गेली होती. स्मशानांत जागा नाही म्हणून तावरेकेरेकडे उघड्यावर चिता पेटवाव्या लागल्या, कित्येकांना तेरावा धड करता आला नाही, डबा घेऊन कुणाच्या दारी जाण्याचीही सोय नव्हती. आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी, २९ ऑक्टोबरला, कन्नड नट पुनीत राजकुमार गेला, वय ४६. कंठीरवा स्टेडियमबाहेर रांगा लागल्या, ३१ तारखेला अंत्यसंस्कार झाले, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आला तसा गेला. चौकाचौकांत त्याचा फोटो, हार, पणत्या. आमच्या गल्लीत ज्यांनी सिनेमा थिएटरात जाऊन कधी पाहिला नव्हता अशा बायकाही तिथे उभ्या राहून रडत होत्या. त्या पुनीतसाठी रडत नव्हत्या, निदान फक्त त्याच्यासाठी नव्हत्या. मे महिन्यातलं राहिलेलं रडणं तिथे चौकात बिनबोभाट रडून घेता येत होतं.

आता क्वार्टर गेल्या, आम्ही व्हाइटफील्डला, सर्जापूर रोडला, जे. पी. नगरला उंच इमारतींत राहतो. माणूस गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या खुणा येतात, “काही लागलं तर सांगा” येतं, आणि त्याच ग्रुपवर काही दिवसांनी चमचमत्या पणत्या. सांगितलं तर लोक धावतील, वाईट कुणी नाही. पण ज्याचा माणूस गेला त्याने काय सांगायचं? “मला चकल्या आणून द्या” असं कोण सांगतं? आमच्या आयांना सांगावं लागत नव्हतं. “यंदा नाही” म्हटलं की पुढचं काम समोरच्याचं.

यंदा आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या एका मुलाची आई पुण्यात वारली, गणपतीच्या आधी. मुलगा तेरावा करून परत आला आणि कामाला लागला. तो आणि त्याची बायको मराठी आहेत हेही आम्हाला तेव्हाच कळलं. वसुबारसेच्या चार दिवस आधी आमच्यातल्या तिघी क्लबहाउसमध्ये बसल्या आणि वाटणी सुरू झाली. चकली ठरली, लाडू ठरले. चिवडा तळणात धरायचा की नाही यावर अर्धा तास गेला. पातळ पोह्यांचा भाजका असेल तर तो त्यांनी स्वतः केला तरी चालेल, असं एकीचं म्हणणं, आणि दुसरीचं, त्यांना करायला लावायचाच कशाला? शेजारच्या फ्लॅटमधली ओडिया मुलगी बाजूला बसून ऐकत होती. तिने विचारलं, मला तळायला येत नाही, विकत आणलेलं चालतं का? चालतं, पण पाकिटासकट द्यायचं नाही, असं ठरलं. दारात उभं राहून बोलायचं किती, याचीही चर्चा झाली; दोन वाक्यं, आणि त्यात ‘हॅपी दिवाली’ नको. शंकरपाळे कुणाकडे, ते अजून ठरायचंय.